तोकडी उडी

उड्या मारणाऱ्या खारीचा गेम ताईचा. त्याचा दुसरा भाग, खारीच्या पिल्लाचा, धाकट्या बहिणीनं केला आणि जो तो म्हणू लागला, "पहिल्यापेक्षा हाच भारी!" ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. चुका काढायलाच ती खेळायला बसली आणि एकदाही न पडता शेवटापर्यंत गेली.

"रंग भडक, गाणं कर्कश. आणि पिल्लाची उडी केवढी तोकडी! लोक खड्ड्यात पडत असतील."

"पडतातच. तू पडलीस?"

"मी कशाला पडू?"

"एकदा पड ना, ताई."

नाक मुरडत ताईनं पिल्लाला खड्ड्यात सोडलं. खालून तिचीच जुनी खार धावत आली, पिल्लाला पाठीवर घेऊन वर चढली आणि म्हणाली, "रडू नको गं, मी आहे ना."

मग संध्याकाळभर ताई मुद्दाम पडत राहिली.