भेंडीचा वाफा

“आत्या, आली! आली गं!”

उत्तरा वाफ्याच्या कडेला पोटावर पालथी पडून ओरडत होती. कलावती हातातली केरसुणी टाकून धावली आणि तीही शेजारी ओणवी झाली. मातीला बारीक चिरा गेल्या होत्या. त्यांतून भेंडीचे कोंब माना वर काढत होते. आत्या आणि भाची डोक्याला डोकं लावून ते मोजू लागल्या.

मागच्या पडवीत आरामखुर्चीत बसून वासंती दोघींकडे पाहत होती. छातीच्या दुखण्यापायी दहा महिने दवाखान्यात काढून ती कालच डोंबिवलीला घरी आली होती. ती टांग्यातून उतरली तेव्हा पाच वर्षांची उत्तरा आत्याच्या पदराआड उभी राहिली होती. ‘आली’ म्हणून ओरडली नव्हती.

“आईला सांग जा,” कलावती म्हणाली.

उत्तरा पडवीच्या पायरीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. “आई, भेंडी आली. पण तू बसूनच राहा हं. तुला त्रास द्यायचा नाही.”

“कोण म्हणालं?”

“आत्या.”

डॉक्टरांनीच तसं बजावलं होतं, हे वासंतीला ठाऊक होतं. विधवा नणंदेनं दहा महिने तिचा संसार सांभाळला, नवऱ्याला, सुधीरला, वेळेवर डबा दिला, पोरीच्या वेण्या घातल्या, तिला मातीत हात घालायला शिकवलं. सगळं ठाऊक होतं. तरी आज सकाळी ठाण्याला कचेरीत निघताना सुधीर म्हणाला, “ताई, आता तू टिटवाळ्याला परत जायला मोकळी झालीस,” तेव्हा वासंतीला बरं वाटलं. बरं वाटल्याची लाज काही वाटली नाही.

दहाच्या सुमाराला कलावती पिशवी घेऊन निघाली. रेशनच्या दुकानात साखर आल्याची वर्दी होती. कुंपणाच्या दारातून ती वळून म्हणाली, “उत्तरा, ऊन चढायच्या आत पाणी घाल गं.”

ती दिसेनाशी झाली तशी वासंती खुर्चीतून उठली. खांबाला धरून ती पायऱ्या उतरली.

“चल, आपण दोघी घालू.”

उत्तरानं बादली थोडी बाजूला सरकवून आईला जागा करून दिली. वासंतीनं तांब्या भरून वाफ्यात ओतला.

“असं नाही, आई! माती वाहते. आत्या बोटांतून घालते.”

वासंतीनं बोटांतून घातलं. “असं?”

“हळू गं. आत्या आधी कडेनं घालते.”

“मला येतं, उत्तरा. माझ्या माहेरी केवढा मळा होता! हे बघ, हे कोंब फार दाट आलेत. थोडे काढायला हवेत.”

“नको, थांब. आत्या आली की तिला विचारू.”

वासंतीनं पहिला कोंब उपटला. “असे काढायचे, म्हणजे बाकीचे वाढतात,” ती म्हणाली. दुसरा उपटला. तिसऱ्यानंतर ती काही सांगायची थांबली. ओल्या मातीत बोटं रुतवत ती या टोकाकडून त्या टोकाला गेली. थांबली, तेव्हा वाफ्यात उभं असं काही राहिलं नव्हतं.

उत्तरा रडली नाही. जरा मागे सरकून ती आईच्या तोंडाकडे पाहत राहिली.

“तुला धाप लागलीय, आई. तू बस.”

वासंती तिथेच, वाफ्याच्या कडेला बसली.

साखर संपली होती, म्हणून कलावती लवकर परतली. परसात येताच तिचे पाय थबकले.

“हे कुणी केलं?”

“मी,” उत्तरा पटकन म्हणाली. “माझ्याकडून झालं.”

तिचे दोन्ही हात कोरडे होते. वासंतीचे हात मनगटापर्यंत मातीनं भरले होते. कलावतीनं पोरीचे हात पाहिले, भावजयीचे पाहिले आणि रिकामी पिशवी खाली ठेवली.

“असू दे. पलीकडच्या मळ्यातल्या बायजाकडे जा. म्हणावं, आणखी मूठभर बी द्या.”

उत्तरा धावत कुंपणापलीकडे गेली.

“वन्सं...” वासंती म्हणाली.

“हात पुढे कर.”

कलावतीनं बादलीतून तांब्या भरला आणि तिच्या हातांवर धार धरली. नखांतली माती काही केल्या निघत नव्हती.

“तू गेलीस त्याच आठवड्यात तिनं इथे एक झेंडू लावला होता,” कलावती खाली पाहतच म्हणाली. “आईचा झेंडू म्हणायची. सकाळी उठली की आधी त्याच्याशी बोलणं, मग माझ्याशी. त्याला पाणी मला घालू द्यायची नाही. म्हणायची, तू नको, तो तुझा नाही.”

वासंतीनं परसभर नजर फिरवली. झेंडू कुठे दिसला नाही.

“कुठाय?”

“पावसाळ्यात कळ्या धरल्या त्यानं. मी उपटला. गाईनं खाल्ला म्हणून सांगितलं तिला.”

तांब्यातलं पाणी संपलं होतं. तरी कलावतीनं तो तसाच तिरपा धरला होता, आणि वासंतीचे हात तसेच त्याच्याखाली होते.