तोरलेफचं शिसं

तोरलेफने खिळ्यावर शेवटचा घाव घातला आणि हातोडी खाली ठेवली. "टांग आता," तो लेकीला म्हणाला. "मला तर उचलायचीही बंदी."

सुनिवाने दोन्ही हातांनी पट्टा उचलून होडीघराच्या भिंतीवर अडकवला. चौदा किलो शिसं होतं त्यात. फ्रोया बेटाभोवतीच्या गार समुद्रात उतरायचं तर अंगात पाणी आत न शिरणारा ड्रायसूट हवा, आणि त्या सुटात हवा असते म्हणून माणसाला खाली न्यायला शिसं हवं. तोरलेफने उभा जन्म हा पट्टा कमरेला बांधून तळाचे शिंपले काढले होते. गेल्या महिन्यात कमरेने दगा दिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाण्यात हवं ते कर, जमिनीवर मात्र वजन उचलायचं नाही. म्हणजे संपलंच की! शिसं काय आपल्या पायांनी चालत समुद्रात जातं?

सुनिवा किती वर्षं कानीकपाळी ओरडत होती. सगळा भार कमरेवर नको, बाबा. थोडा खांद्यांवर घे, थोडा पाठीला, थोडा घोट्यांना. कंबर वाचते आणि माणूस पाण्यात कसा आडवा, निवांत राहतो. तोरलेफ ते हसण्यावारी न्यायचा. "शिसं कमरेलाच, आणि ज्याचं त्याने वाहायचं," हा त्याचा कायदा. गावातल्या पाणबुड्यांच्या अख्ख्या क्लबाला त्याने तोच शिकवला होता.

आज नाताळाआधीचा शनिवार. धक्क्याखाली, समुद्राच्या तळाशी दिवे लावलेलं नाताळचं झाड उभं होतं. आता सगळे खाली जाणार, हातात हात घालून झाडाभोवती फेर धरणार, तोंडात नळी असताना गाणीसुद्धा म्हणणार, आणि वर येऊन तांदळाची गरम खीर ओरपणार. हा फेर तोरलेफनेच सुरू केलेला. एकही वर्ष त्याने चुकवला नव्हता. आज धक्क्यावर खुर्ची टाकून बसायचं, या विचाराने सकाळपासून त्याच्या घशाखाली कॉफी उतरली नव्हती.

"सूट तरी चढव," सुनिवा म्हणाली. "तरंगत वरून बघ. झाड दिसेल."

"बुचासारखा तरंगू?"

"खुर्चीपेक्षा बरं ना?"

तेवढं खरं होतं. कुरकुरत का होईना, त्याने सूट चढवला आणि शिडीपाशी येऊन उभा राहिला. मग त्याचं लक्ष बाकीच्यांकडे गेलं आणि त्याचं डोकंच फिरलं. येर्मुंड पाद्री गाभण गाईसारखा डुलत येत होता.

"पाद्रीबुवा, शिसं किती भरलंय? गावाची सगळी पापं बांधून आणलीत की काय?"

"जरा जास्तच झालंय," पाद्री धापा टाकत म्हणाला आणि घाईघाईने पाण्यात उतरला.

त्याच्यामागून बेकरीवाली ओदनी आली. तिच्या वजनाने शिडी कुरकुरली. सुनिवासुद्धा वाकून चालत होती.

"तू पण?" तोरलेफ ओरडला. "अगं, क्लबाची प्रमुख ना तू? एवढ्या शिशाने धोंड्यासारखे तळाला जाऊन बसाल सगळे! मी बाजूला झालो नाही तोच शिकवलेलं सगळं विसरलात?"

दोघंतिघं चक्क हसली. तोरलेफला फार लागलं ते.

त्याचा हवेचा सिलिंडर सुनिवाने दोरीने आधीच पाण्यात सोडून ठेवला होता. "लाटेचं पाणी नाकातोंडात जायला नको," ती म्हणाली होती. त्याने तो पाण्यातच पाठीवर चढवला. पट्ट्यांना जागोजागी नवे खिसे शिवलेले दिसले. लेकीची जुनीच खोड! खिसे रिकामे होते. तोरलेफ पालथा होऊन तरंगू लागला. खाली, हिरव्या पाण्यात, झाडाचे दिवे लुकलुकत होते. इतके जवळ, आणि काही उपयोग नाही.

तेवढ्यात पाद्री खालून वर आला. त्याने आपल्या खिशातून शिशाचा एक तुकडा काढला आणि तोरलेफच्या डाव्या खांद्यावरच्या खिशात घातला. पाठोपाठ ओदनी आली. तिने उजवा खांदा भरला. कुणी पाठीमागे सिलिंडरपाशी काहीतरी खुपसलं, कुणी पाय धरून घोट्यांना शिसं बांधलं. एकेक जण येत होता, आपलं ओझं उतरवत होता आणि हलका होऊन बाजूला सरकत होता. तोरलेफ बोट बोट खाली जात होता. शिसं खरंच चालत आलं होतं, दुसऱ्यांच्या पायांनी.

शेवटचा तुकडा सुनिवाने त्याच्या तळहातावर ठेवला. तो त्याने स्वतः खिशात टाकला आणि अलगद खाली निघाला.

अंथरुणावर पडावं तसा तो पाण्यात आडवा झाला. डोकं वर नाही, पाय वर नाहीत, कमरेला कळ नाही. सुखच सुख. इतकी वर्षं या पोरीचं का ऐकलं नाही, असं त्याला वाटलं आणि मास्क आतून ओला झाला. मग एका बाजूने सुनिवाने हात धरला, दुसऱ्या बाजूने पाद्र्याने, आणि फेर सुरू झाला. सगळ्यांत जास्त बुडबुडे तोरलेफचे होते. गाण्यात तो आधीपासूनच बेसूर.

वर येताना शिडीपाशी ज्याने त्याने आपापला तुकडा परत घेतला. सिलिंडर पुन्हा दोरीला बांधून तोरलेफ मोकळ्या अंगाने चढला. खिरीकडे न बघता तो थेट होडीघरात गेला आणि त्याने हातोडी उचलली.

"पट्टा काढतोयस, बाबा? पुन्हा उतरणार ना?" सुनिवाने आशेने विचारलं.

"काढू कशाला? खिळा ढिला वाटतोय." त्याने दोन दणके आणखी घातले. "हा आता कायमचा इथेच."

दारातल्या ओदनीच्या हातातला खिरीचा डाव तसाच राहिला. तोरलेफने हातोडी ठेवली, बाहेर येऊन खिरीचा वाडगा घेतला आणि पाद्र्याकडे वळला.

"उद्याचं प्रवचन लवकर आवरून धक्क्यावर या, पाद्रीबुवा. माझा डावा खांदा तुमच्याकडे आहे."