मूळचे कुठले?

ऑस्ट्रेलियाच्या लाल वाळवंटात यतीननं कॅरॅव्हॅन जोडलेली गाडी पेट्रोल पंपावर थांबवली. मुलं पाण्याचे कॅन भरायला पळाली. सावलीत बसलेल्या तिथल्या आदिवासी आजीबाईंनी विचारलं, "कुठून आलात?"

"इंग्लंड."

एवढं बोलून तो पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिला. जन्म इंग्लंडातल्या बेसिंगस्टोक गावचा, इंग्रजी बेसिंगस्टोकचं, तरी तिथल्या ऑफिसात, पबमध्ये, मुलांच्या शाळेच्या गेटवर गोरे विचारायचेच, 'ते ठीक, पण मूळचे कुठले?'

आजीबाईंनी त्याला नीट न्याहाळलं. "म्हणजे आमची जमीन घेतली ती तुम्हीच."

यतीन मान खाली घालून म्हणाला, "सॉरी."

गाडीत बसल्याबसल्या बायको भडकली. "सॉरी काय, यतीन? आपल्यालाही त्यांनीच लुटलं ना! तुझे पणजोबा इंग्रजांच्या तुरुंगात होते, आणि तू त्यांच्या वतीनं माफी मागतोस?"

"माहितीये गं." त्यानं गाडी सुरू केली. "पण जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला इंग्लिश समजलं. नाही म्हणवेना."