पाळण्याचं तिसरं कडवं

टॅबलेट कॉम्प्युटरला जोडला गेला आणि काचेवर आवाज कमीजास्त करायचे फेडर उमटले. आप्पा हात मागे बांधून बघत राहिले.

“लावा ना हात, चावत नाही तो,” मांडीवरच्या बाळाला थोपटत त्यांची लेक रेवा म्हणाली.

होणाऱ्या नातवंडाच्या बारशासाठी नलिनीने, आप्पांच्या बायकोने, पाळणा गाऊन रेकॉर्ड करून ठेवला होता. त्यातले पेटी-तबल्याचे आवाज कॉम्प्युटरवर आपल्या आवाजाशी जुळवून पुरे व्हायच्या आत ती गेली. बारसं उद्यावर आलं होतं.

“तुझ्या आईच्या कामात बोट घातलं की ती ओरडायची.”

“ओरडू दे की,” म्हणत रेवाने गाणं लावलं.

कोणी हात न लावता फेडर सरकू लागले. पेटी हळूच खाली गेली, नलिनीचा आवाज वर आला.

“हे आपोआप?”

“आपोआप कसलं? आईने सरकवले तसे कॉम्प्युटरने लक्षात ठेवलेत.”

आप्पांनी तिच्या आवाजाच्या फेडरवर बोट धरलं, पण टेकवलं नाही. तो सरकेल तसं बोटही सरकत गेलं. बाजारात ती पुढे आणि ते पिशवी घेऊन मागे, तशी दोन कडवी झाली.

तिसऱ्या कडव्याला फेडर जागच्या जागी थांबले. गाणं चालूच होतं, पेटी तिच्या आवाजावर चढू लागली.

आप्पांनी बोट टेकवलं. पेटी खाली घेतली, मग तबला. शेवटच्या ओळीला नलिनीचा आवाज एकटाच उरला.

“आता तोही हळूहळू खाली आणा, आप्पा. गाणं तसंच संपवतात.”

आप्पांनी मानेनेच नाही म्हटलं आणि हात उचलून घेतला. ओळ नलिनीने जिथे सोडली होती, तिथेच गाणं संपलं.