घट्ट बसलेल्या पाचरी

सत्तावन्न साली चाकणजवळच्या एका वाडीवरच्या कड्याला भेग पडली, तेव्हा लोकांनी सावळाराम पाथरवटालाच वर धाडलं. दगडाचं त्याच्याइतकं कुणाला कळणार? त्यानं भेगेत सुक्या बाभळीच्या सात पाचरी ठोकल्या आणि खाली येऊन सांगितलं, "पाचर सैल झाली की डोंगर सरकला म्हनायचं. तवर कुनी घर सोडायचं न्हाई." त्याच्या बायकोनं, सगुणाबाईनं, माहेरी जायला बांधलेलं गाठोडंसुद्धा सोडलं.

मग पावसाची झड लागली. सावळाराम रोज भिजत वर जायचा, एकेक पाचर हलवून बघायचा. पाचरी उलट जास्तच घट्ट व्हायला लागल्या होत्या. नवव्या दिवशी तो निर्धास्तपणे पिंपरीला, नव्या कारखान्याच्या पायाच्या कामावर गेला. त्याच दुपारी कडा कोसळला, आणि सगुणाबाईसकट सगळी वाडी गाडली गेली.

"बाबा, डोंगर कशानं आला असेल खाली?" पंचनाम्याला आलेल्या साहेबानं विचारलं.

"डोंगरापलीकडच्या खाणीतल्या सुरुंगांनी, दुसरं काय!" शेजारच्या गावची माणसं ओरडली.

सावळाराम मात्र ढिगाऱ्यात सापडलेली, पाण्यानं फुगलेली पाचर हातात धरून बसला होता.



सुरुंगाची दारू मिळायच्या आधी तो आणि त्याचा बाप असाच तर दगड फोडायचे. चिरेत सुकी पाचर ठोकायची, आणि वर पाणी ओतत राहायचं.