उशीर न करणारा डबा

नांदेडच्या दुकानदारानं दयानंदला दोनदा उल्लू बनवलं होतं. लातूरच्या घरात, मागच्या खोलीत तो हळदीची गाणी रेकॉर्ड करायचा. पण त्या दुकानातून आणलेल्या दोन्ही ऑडिओ इंटरफेसांना, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडायच्या डब्यांना, एकच खोड. माईकवर गायलेलं हेडफोनमध्ये उशिरा यायचं, गाणाऱ्या बाया तालाला चुकायच्या.

तिसरा डबा त्यानं काउंटरवर हात आपटून घेतला. "परत यावं लागलं तर दुकानाला कुलूप लावून जाईन!"

"ह्याच्यात उशीर न्हाई होत, मालक," दुकानदार खाली बघत म्हणाला.

घरी येऊन दयानंदनं वायरी जोडल्या, हेडफोन चढवला. "हॅलो" म्हणायला तोंड उघडलं, तर "हॅलो" कानात आधीच येऊन गेलं.

"तुझ्या आयला!" हेडफोनमधून त्याचाच आवाज ओरडला. मग स्वतः दयानंद ओरडला. तेच शब्द, तोच संताप.

त्यानं शिव्या घातल्या, टेबलावर बुक्क्या मारल्या. प्रत्येक शिवी आधी कानात यायची, मग तोंडातून निघायची. आणि दर खेपेला जरा जास्तच आधी.

शेवटी रागानं त्यानं ओठ घट्ट मिटले. आता अक्षर काढणार न्हाई. बघू काय करतंय!

कानात त्याचाच आवाज आला. रडत होता.

"शिवांगे! बाळा, डोळे उघड की गं!"

दारात त्याची लेक शिवांगी उभी होती, हातात स्कुटीची चावी. "पप्पा, औशाला जाऊन येते. काय म्हणलात का?"

तिला थांब म्हणायचं होतं, पण तोंड उघडलं तर कानात आलेलं तेच रडणं बाहेर पडलं असतं. दयानंदनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

बाहेर स्कुटी सुरू झाली.