तपासलंय सगळं

सर्व्हर सुरू झाला, पंखे घोंघावले, हिरवे दिवे लागले. पण हॉस्पिटलचे सगळे सर्व्हर एकाच मशीनच्या पोटात चालवणाऱ्या त्या नव्या सॉफ्टवेअरला एकही डिस्क दिसेना.

"कार्ड ओळखत नाहीये," तिचा सहकारी म्हणाला. डिस्क ज्या कार्डाला जोडल्या होत्या ते जुनं होतं, नव्या आवृत्तीवर चालत नव्हतं. कंपनीच्या वेबसाइटवर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. काम सुरू करताना त्याने विचारलंही होतं, "मॅडम, आपलं कार्ड चालेल ना?" आणि तिने मान वर न करता सांगितलं होतं, "तपासलंय सगळं."

आता त्याने त्यातलं काही उकरून काढलं नाही. "याच्या आधीचा सर्व्हर अजून भंगारात दिला नाहीये," एवढंच म्हणाला. "तो परत लावतो. पण दुपार होईल." त्याचा तो समजूतदारपणा तिला जास्त झोंबला.

तोवर लॅबचा एकही रिपोर्ट उघडणार नव्हता. खाली जाऊन लोकांना कुणीतरी सांगायला हवं होतं. ती उठली.

हॉलमध्ये बाकांवर माणसं दाटीवाटीने बसली होती. पुढच्याच बाकावर काका. काकूचं आज ऑपरेशन. वर वॉर्डात ती सकाळपासून पाण्याचा थेंबही न घेता पडून होती, आणि रक्ताच्या रिपोर्टशिवाय डॉक्टर तिला आत नेणार नव्हते.

"ही बघा आली!" सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं काका म्हणाले. "आमची पुतणी. इथलं कॉम्प्युटरचं सगळं खातं हिच्या हाताखाली. आता बघा, चुटकीसरशी लावते की नाही!"

माना वळल्या. एका बाईंनी तर हातच जोडले. कुठे तोंड लपवावं, तिला कळेना.

"चिमणे, कुणी गं घातला हा घोळ? चांगला फैलावर घे त्याला. माणसं ताटकळलीत इथे."

उत्तरं जिभेवर तयार होती. मशीन जुनं आहे. कंपनीने आयत्या वेळी घात केला. कुठलंही खपलं असतं. इथे कोण शहानिशा करायला बसलं होतं?

"मीच, काका," ती म्हणाली. "नवीन सॉफ्टवेअर त्या मशीनवर चालेल का, ते बघायचं काम माझं होतं. बघितलं नाही. आणि वर, बघितलंय म्हणून सांगितलं."

काकांनी झटकन आजूबाजूला पाहिलं. "हळू बोल गं," ते पुटपुटले.

तिचे कान तापले होते. तिने हॉलकडे तोंड केलं आणि तेच पुन्हा सांगितलं, मागच्या बाकापर्यंत पोचेल असं. रिपोर्ट दुपारी मिळतील, हेही सांगितलं.

काका खिडकीबाहेर बघत होते, तिचे कुणीच नसल्यासारखे.